पावती मागणारी बाई: मराठी मालिका लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी मालिकांचे लेखक, संवादलेखक आणि वाहिन्यांवर कथा ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

संध्याकाळी सातपासून रात्री दहापर्यंत आमच्याकडे टीव्ही चालू असतो. कुकर लावणं, भाजी निवडणं, दुसऱ्या दिवशीच्या डब्याची कणीक भिजवणं, सगळं तुमच्या मालिका बघत चालतं. मालिका म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. तुमची नायिका रडली की माझाही घास अडकतो. ज्या घरात रोज तीन तास जाऊन बसायचं, तिथे आपलं मागणं सांगायला संकोच कशाला, असं मनाशी म्हणून लिहायला बसले आहे.

मला रजनी परत हवी आहे.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्मही झाला नसेल, म्हणून आधी सांगते. 1985 साली दूरदर्शनवर ‘रजनी’ ही हिंदी मालिका सुरू झाली. दिग्दर्शन बासू चटर्जींचं. रजनीचं काम करायच्या प्रिया तेंडुलकर, म्हणजे विजय तेंडुलकरांच्या कन्या आणि स्वतः मराठीत कथा लिहिणाऱ्या लेखिका. रजनी मुंबईतली साधी गृहिणी. साडी, कपाळावर ठसठशीत टिकली, खांद्याला पर्स. तिच्यापुढे येणारी अडचण अशी असायची, की ती बघणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी येऊन गेलेली असायची. गॅसची टाकी, नको त्या ठिकाणी यायला नकार देणारा टॅक्सीवाला, खिडकीमागून ‘उद्या या’ म्हणणारा माणूस. बाकीचे जिथे ‘जाऊ दे’ म्हणून घरी जायचे, तिथे रजनी थांबायची आणि विचारायची. एवढंच करायची ती. पण हे ‘एवढंच’ आमच्या घरात काय करून गेलं, ते तुम्हाला कळावं असं फार वाटतं.

आम्ही शनिवार पेठेत एका वाड्यात राहायचो. दोन खोल्या, नळ चौकात. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्याला 1973 पासून दूरदर्शन दिसत होतं, पण आमच्या घरी संच यायला बरीच वर्षं जावी लागली. वाड्यात टीव्ही होता तो समोरच्या काकूंकडे, लाकडी शटरचा, कृष्णधवल. ‘रजनी’च्या वेळेला त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. माझी आई सतरंजीच्या अगदी टोकाला, दाराला टेकून बसायची. दुधावर लक्ष ठेवायला मध्येच उठावं लागे म्हणून.

आईचा स्वभाव सांगते. कुणाला उलट बोलताना मी तिला पाहिलेलं नव्हतं. वाण्याने सुटे पैसे नाहीत म्हणून हातावर गोळ्या टेकवल्या तर ती मुकाट्याने घ्यायची आणि त्या मला द्यायची. शिंप्याने कापड कमी परत केलं तर घरी येऊन हळहळायची, त्याला विचारायची नाही. ‘बायकांनी चारचौघांत तोंड उघडू नये’ असं तिला कुणी कधी मुद्दाम सांगितलं होतं असंही नाही. ते हवेतच होतं.

त्या सुमारास आमची गॅसची टाकी लवकर संपायला लागली. दीड महिना सहज जाणारी टाकी महिन्यातच फुरफुरायची. सुरुवातीला आई मलाच रागवायची, की उठसूट चहा करतेस. मग एका दुपारी नवी टाकी आली आणि आईने गॅसवाल्याला सील काढू दिलं नाही. म्हणाली, ‘थांब जरा, आधी वजन करू.’

गल्लीच्या तोंडाशी लाकडाची वखार होती. तिथल्या मोठ्या काट्यावर टाकी चढली. टाकीच्या वरच्या कड्याला धरून ज्या उभ्या लोखंडी पट्ट्या असतात ना, त्यांतल्या एकीवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात आत भरलेल्या गॅसचं वजन मिळवायचं, की भरलेल्या टाकीचं वजन निघतं. आज घरगुती टाकीत 14.2 किलो गॅस असायला हवा. हिशेबाची रीत तीच. आई पदर सावरत वाकून पट्टीवरचा आकडा वाचत होती आणि मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडत होते. काटा जवळपास दीड किलो कमी दाखवत होता. मी दोनदा बेरीज केली, कारण माझंच काहीतरी चुकलं असेल असं मला वाटलं. वखारवाले म्हणाले, ‘पोरीचं बरोबर आहे.’

आईने आवाज चढवला नाही. घरी जाऊन दोन कागदांमध्ये कार्बन ठेवून तिने तक्रार लिहिली. साक्षीदार म्हणून वखारवाल्यांची सही घेतली. गॅसवाल्याला पाणी दिलं आणि म्हणाली, ‘तुझ्यावर माझा राग नाही बाबा. पण वजन तुझ्यासमोर झालंय, तेवढी सही कर.’ त्याने बराच वेळ कागदाकडे पाहिलं, मग केली. दुसऱ्या दिवशी आई एजन्सीत गेली. साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या दिवशी साहेब होते. ते म्हणाले, ‘टाकी बदलून देतो की, कागद कशाला करता?’ आई म्हणाली, ‘टाकी बदला, आणि कागदावर शिक्काही मारा.’ त्यावर त्यांचं जेवण निघालं, मग फोन निघाला. चौथ्या खेपेला शिक्का बसला. कार्बनची ती प्रत, तिच्यावरचा फिकट जांभळा शिक्का, खाली तारीख, सगळं आजही माझ्याकडे फायलीत आहे.

एजन्सीतून घरी आली तेव्हा आईचे हात थरथरत होते. तिने चहा टाकला आणि तो गाळताना अर्धा ओट्यावर सांडला. ही बाई एका दिवसात शूर झालेली नव्हती. तिने फक्त रजनीला तसं वागताना पाहिलं होतं. टीव्हीवरच्या साडी नेसलेल्या, घरंदाज बाईला जे शोभतं ते आपल्यालाही शोभेल, हा धीर तिला तिथून आला होता.

रजनी मला इतकी मोठी का वाटते, याचं उत्तर मला या थरथरणाऱ्या हातांत सापडतं. रजनीच्या हाती कसलीही सत्ता नव्हती. तिचा भाऊ फौजदार नव्हता, ती वकील नव्हती, पत्रकार नव्हती. तिच्याकडे नियम वाचायची तयारी होती आणि उभं राहायला पाय होते. आणि आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. खिडकीपलीकडच्या माणसाशी भांडणं त्या मानाने सोपं असतं. अवघड असते ती आपल्या पाठीमागची रांग. ‘अहो बाई, सोडा ना आता, आम्हाला उशीर होतोय’ असं म्हणणारे, घड्याळ बघणारे, जिभेने च्यक् करणारे आपलेच लोक. त्यांच्यासाठीही आपण उभ्या आहोत हे त्यांना कळत नसतं, आणि त्यांच्या नजरेत आपण त्या क्षणी भांडकुदळ ठरलेल्या असतो. बहुतेक बायका तिथे माघार घेतात. मीही कितीदा घेतली आहे. रजनी त्या नजरा पाठीवर घेऊन उभी राहायची आणि तिचं हसू जायचं नाही. विचारणं ही चांगल्या घरातल्या बाईची रीत असू शकते, हे तिने आमच्या सतरंजीवर बसलेल्या सगळ्या बायकांना दाखवून दिलं.

तिच्यावर माझी माया आहे म्हणून तिचं उणं झाकणार नाही. टॅक्सीवाल्यांवरचा भाग लागल्यावर मुंबईचे टॅक्सीचालक संतापले आणि त्यांनी निषेधाचा मोर्चा काढला. तेव्हा लहान होते, मला ते लोक वाईट वाटले. आता वाटतं, त्यांच्या रागात तथ्य होतं. दिवसाला मिळणाऱ्या चार पैशांवर घर चालवणारा माणूस पडद्यावर दर वेळी लबाडच दिसू लागला, तर त्याने कुठे जावं? मध्यमवर्गाचा राग उतरणीला लागलेल्या पाण्यासारखा आपल्यापेक्षा खालच्या पायरीवर चटकन जाऊन पडतो. आईने गॅसवाल्याला आधी पाणी दिलं, मग सही मागितली आणि भांडण वर नेलं, ते मला रजनीच्याही एक पाऊल पुढचं वाटतं. तुम्ही नवी रजनी लिहाल तेव्हा तिला हे शहाणपण जरूर द्या. तिने घरपोच माल आणणाऱ्या पोराशी हुज्जत घालू नये. त्याला ज्याने दहा मिनिटांत पोहोचायला लावलं, त्याचा पत्ता तिने शोधावा.

रजनीनंतर पुढच्याच वर्षी, 1986 मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा आला. 24 डिसेंबर हा आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो, तो त्याचमुळे. एका मालिकेने कायदा आणला असं कुणी म्हणू नये. त्यामागे कितीतरी लोकांची वर्षानुवर्षांची खटपट होती, आणि त्या खटपटीची एक मोठी वाट आमच्या पुण्यातून गेली आहे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीचं काम 1974 मध्ये इथेच उभं केलं. माहितीचा अधिकार 12 ऑक्टोबर 2005 रोजी लागू झाला, त्या दिवशी देशातला पहिला अर्ज दाखल झाला तोही पुण्यातल्याच एका पोलीस ठाण्यात. महापालिकेच्या फायली सामान्य नागरिकाला दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात प्रत्यक्ष बघू देण्याची पद्धत पुणे महापालिकेत रुळली, आणि मग 2018 मध्ये राज्य सरकारने ती इतरत्रही लागू केली. रजनी राहायला मुंबईत असेल, पण तिचं माहेर पुण्यात असावं असंच मला वाटत आलं आहे.

आता तुमच्या नायिकांकडे येते.

मराठीत अशा बायका तुमच्याआधीच्या लेखकांनी लिहिल्या होत्या. दूरदर्शनवरची ‘दामिनी’ पत्रकार होती, बाहेरच्या जगाशी तिचा रोजचा सामना होता. ‘आभाळमाया’तली सुधा जोशी प्राध्यापक होती, घर मोडलं-सावरलं तरी तिचं काम, तिचं कॉलेज कथेतून पुसलं गेलं नाही. अलीकडे ‘आई कुठे काय करते’ मधली अरुंधती स्वतःच्या पायावर उभी राहिली तेव्हा आमच्या इमारतीतल्या बायका लिफ्टमध्ये तिच्याविषयी बोलायच्या. हे तुमचं बळ आहे. एका बाईने पडद्यावर दार उघडलं की हजार घरांतल्या कड्या निघतात, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?

पण गेल्या काही वर्षांत तुमच्या नायिकांची सगळी हुशारी घराच्या चार भिंतींत खर्च होते आहे. दुधात काय मिसळलं, दागिन्यांचा डबा कुणी हलवला, मृत्युपत्रावर कुणाची सही आहे, हे ती बरोबर शोधून काढते. रात्रभर जागते, पुरावे गोळा करते, सगळ्यांना हॉलमध्ये जमवून कारस्थान उघडं पाडते. इतकी चिकाटी, इतकी नजर! आणि हीच बाई घराबाहेर पडली की फक्त मंदिरात, नाहीतर हॉस्पिटलात जाते. हॉस्पिटलात गेल्यावरही ‘पैशांची सोय करा’ म्हटल्यावर ती मंगळसूत्र काढून देते. बिलाची तपशीलवार प्रत मागत नाही. हा प्रसंग मी वेगवेगळ्या मालिकांमध्ये इतक्यांदा पाहिला आहे, की एकदा मी सुरी खाली ठेवून टीव्हीसमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, ‘अगं, आधी बिल तर माग!’ सूनबाई आतून धावत आली.

तुम्ही म्हणाल, अर्ज-विनंत्यांत नाट्य कुठून आणायचं? कागद लिहिणारी बाई कोण बघेल? मी सांगते कोण बघेल. वखारीतल्या काट्याचा काटा थरथरत थांबेपर्यंत गल्लीतली दहा माणसं श्वास रोखून उभी होती. त्यांना कुणी पार्श्वसंगीत दिलं नव्हतं. शिक्का उचललेला हात शाईच्या डबीवर थांबतो, कागदावर यायला तयार होत नाही, तेव्हा जे वाटतं ते कारस्थानाच्या कुठल्याही प्रसंगात मला वाटलेलं नाही.

प्रसंग हवेत? पुण्यात ते रोज घडतात. मिठाईच्या दुकानात खोक्यासकट मिठाई तोलली जाते, आणि खोक्याचं वजन काजूकतलीच्या भावाने आपण घेतो. कपड्यांच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर दिल्याशिवाय मशीन पुढेच जात नाही असं सांगतात. खरं तर नंबरासाठी अडवू नये असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलांची फाइल मागितली की ‘तुमचा आमच्यावर विश्वास नाही का’ असा प्रश्न येतो, आणि विचारणारीच ओशाळते. शाळेच्या फीची पावती ‘नंतर मिळेल’. नव्या फ्लॅटचा ताबा ‘दिवाळीपर्यंत’, कुठली दिवाळी ते विचारायचं नाही. यातल्या कुठल्याही एका प्रश्नात नवरा-बायकोचं भांडण आहे, सासू-सुनेची युती आहे, शेजारणीचा दगा आहे. तुम्हाला जे जे लागतं ते सगळं आहे.

सासू-सुनेचं तर मी कथानकच देते. सासूबाईंनी गुडघ्यासाठी ऑनलाइन मागवलेला गरम पट्टा आठ दिवसांत बंद पडतो. कंपनी दिल्लीची, फोन कुणी उचलत नाही. मुलगा म्हणतो, ‘आई, दीड हजारासाठी कुठे भांडत बसतेस, मी दुसरा आणतो.’ सासूबाई गप्प होतात, कारण लेकाचा वेळ आपल्यापेक्षा महाग असं त्यांनी जन्मभर मानलेलं आहे. सून रात्री पट्ट्याचं खोकं माळ्यावरून काढते, बिल शोधते, आणि आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवते. तिथे नाही निभावलं तर पुढची पायरी आहे. 2019 चा नवा ग्राहक कायदा 2020 पासून लागू झाला, त्यात ग्राहक स्वतः राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. कंपनी दिल्लीत असली तरी तक्रार पुण्यात. वकील लावलाच पाहिजे असं नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. सासूबाई पहिल्यांदाच स्वतःच्या नावाच्या अर्जावर सही करतात. जन्मभर त्यांनी सही केली ती फक्त बँकेत, आणि तीही नवऱ्याने बोट ठेवलं त्या जागी. हा प्रसंग तुमच्या एखाद्या ज्येष्ठ अभिनेत्रीच्या हाती द्या आणि बघा घराघरांत काय होतं ते.

मला संपूर्ण मालिका नको. वाहिनीची गणितं असतात, टीआरपी असतो, रोजचा भाग रोज द्यायचा असतो, हे मी समजू शकते. जी नायिका आहे तिलाच महिन्यातून एकदा खिडकीपुढे उभी करा. पाच मिनिटं. तिला हरू द्या कधीकधी. रजनीसारखं दर वेळी जिंकायची गरज नाही. माझी आईही सगळीकडे जिंकली नाही. शिंप्याने कापड शेवटपर्यंत कमीच दिलं. पण विचारायची ती, आणि तो वर बघून हसायचा, आणि पुढच्या वेळी टेप जरा नीट धरायचा. फक्त तपशील खरे दाखवा, एवढी कळकळीची विनंती. कुठल्या कार्यालयात जायचं, कागदावर काय लिहायचं, पोच कशी घ्यायची, हे पडद्यावर बरोबर दिसलं, तर दुसऱ्या दिवशी कुठली तरी आई तसंच करेल. चुकीचं दिसलं तर ती चुकीच्या दारावरून परत येईल आणि पुन्हा जाणार नाही.

प्रिया तेंडुलकर 2002 मध्ये गेल्या, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. ती बातमी आली त्या दिवशी आईने फाइल काढून तो जांभळ्या शिक्क्याचा कागद बराच वेळ हातात धरला होता. काही बोलली नाही. संध्याकाळी म्हणाली, ‘त्यांना एक पत्र लिहायचं राहून गेलं गं.’ आता आईही नाही. तिचं राहिलेलं पत्र प्रिया तेंडुलकरांना पोहोचवणं माझ्या हाती नाही, म्हणून ते तुमच्याकडे पाठवते आहे.

आणि एक आमंत्रण. आमच्या गल्लीतल्या एका कामाची फाइल बघायला मी मध्यंतरी सोमवारी महापालिकेत गेले होते. तिथल्या ताईंनी खुर्ची दिली, फाइल समोर ठेवली. चाळीस-पन्नास पानं, टाचण्या गंजलेल्या, प्रत्येक पानावर वेगळ्या शाईतली सही. दोन तास कसे गेले कळलं नाही. माझ्या शेजारी एक आजोबा भिंग घेऊन नकाशा वाचत होते आणि एक कॉलेजची मुलगी वहीत आकडे उतरवत होती. ती मुलगी म्हणजे तुमची नायिकाच, फक्त तिच्यावर अजून कुणी काही लिहिलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणाला बघायचं असेल तर एखाद्या सोमवारी दुपारी तीनच्या आधी या. कोरे कागद आणि दोन पेनं मी आणते.

आपली,
एक रोजची प्रेक्षक
शनिवार पेठ, पुणे